‘पूर्वापार’ म्हणजे नेमकं कधीपासून?

महाडचं चवदार तळं म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्याचं पाणी प्याले, तो दिवस. मला त्या दिवसाइतकंच कुतूहल आहे ते त्याच्या मागच्यापुढच्या कागदांचं.

जुन्या काळातलं रोजचं जगणं बरेचदा रुक्ष सरकारी कागदांतच सापडतं. अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत लोक कसे राहायचे, हे मृतांच्या घरातल्या भांड्याकुंड्यांच्या याद्यांवरून कळतं. आपल्याकडे कोर्टाचे निकाल आहेत.

मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ चा निकाल पाहा. तळं चार-पाच एकरांचं, चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरं. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांची वस्ती जवळपास कुठेच नाही. पाणी कुणाच्या दारात आणि कुणापासून लांब, हे एवढ्यावरूनच कळतं!

तळं फक्त आमचंच, ही पूर्वापार वहिवाट आहे, असं दावा लावणाऱ्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये लागलेला दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. शेवटी कोर्ट म्हणालं, ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे तुम्हाला सिद्ध करता आलेलं नाही. ‘पूर्वापार’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, नाही?

पण नुसत्या कागदावर विसंबणंही बरं नव्हे. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला, आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. म्हणजे कागद पाहिला तर तेव्हापासून प्रश्न मिटला! प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला १९२७ उजाडावं लागलं. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं तो ठरावच मागे घेतला. आणि त्या तीन वर्षांत रोज हंडा घेऊन दुसरीकडे जाणाऱ्या बाईची नोंद त्या ठरावात कुठून असणार?

म्हणून मला वाटतं, कागद वाचावेत आणि माणसांनाही विचारावं. नातेवाईक मंडळी, हे तुमच्यासाठीच. गावच्या विहिरीच्या गोड पाण्याच्या आठवणी आपण हौसेनं सांगतो. त्या विहिरीवर कुणाला मनाई होती, हेही घरातल्या थोरांना विचारा आणि लिहून ठेवा. ती माणसं आहेत तोवरच.