चष्मा, लघुग्रह आणि आमची नात



२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला नात माझ्या खोलीत आली. "आजोबा, २०३२ मध्ये मुंबई राहणार नाही का?" मला आधी काही कळेना. मग सूनबाईंनी मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवला. आगीचा गोळा, बुडणारी मुंबई, खाली ढॅणढॅण संगीत! पोर दोन रात्री नीट झोपली नव्हती.

विषय होता '२०२४ वायआर ४' हा लघुग्रह. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीतून तो सापडला. आकार साधारण ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता दिसत होती, आणि आदळलाच तर ज्या पट्ट्यात पडेल त्यात दक्षिण आशियाही होता. इथपर्यंत सगळं खरं. पण शक्यता एक टक्क्यावरून वाढत १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली, तेव्हा वाहिन्यांनी 'धोका वाढला' म्हणून हाकाटी केली. आठवड्याभरात ती जवळजवळ शून्यावर आली. ती बातमी आमच्या पेपरात आतल्या पानावर, तळाशी.

नातीला मी माझ्या चष्म्याचं उदाहरण दिलं. (घरात तो रोज हरवतो, त्यामुळे उदाहरण तिला लगेच पटलं.) समज, चष्मा असू शकेल अशा वीस जागा आहेत. त्यातली एक म्हणजे विहीर. म्हणजे विहिरीत पडल्याची शक्यता वीसात एक. पंधरा जागा शोधून झाल्या, नाही सापडला. आता ती पाचात एक झाली! चष्मा विहिरीकडे सरकला का? नाही, आपण शोधत गेलो म्हणून आकडा वाढला. मग देवघरात चष्मा सापडतो आणि विहीर एकदम शून्य. लघुग्रहाच्या वाटेचंही तसंच. निरीक्षणं वाढतात तशी वाट अरुंद होत जाते, आणि पृथ्वी त्या पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत आकडा चढतच राहतो. २००४ च्या डिसेंबरात 'अपोफिस'च्या बाबतीत तो २.७ टक्क्यांपर्यंत गेला होता. मग मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तोच ठिपका सापडला आणि २०२९ चं संकट निकालात निघालं.

माझं म्हणणं एवढंच की भीतीच्या बातमीबरोबर 'कुठे बघायचं' हेही छापा. १५ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री '२०१२ डीए १४' पृथ्वीपासून अवघ्या २७,७०० किलोमीटरवरून गेला. तो शोधणाऱ्या स्पेनमधल्या हौशी गटात एक दंतवैद्य होते, हे मला फार आवडतं. आमच्याकडे मध्यरात्रीनंतरची वेळ होती. मी आणि माझा जुना सहकारी गच्चीवर १० बाय ५० ची द्विनेत्री घेऊन बसलो. नुसत्या डोळ्यांना दिसणार नव्हता. तो मिनिटाला जवळजवळ एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांएवढं अंतर, दक्षिणेकडून उत्तरेला सरकत होता. कृत्रिम उपग्रह द्विनेत्रीतून काही सेकंदांत निघून जातो, याला सहा-सात मिनिटं लागायला हवीत. एक फिका ठिपका आम्ही चार मिनिटं धरला, मग शेजारच्या गच्चीवरचा दिवा लागला... तो तोच होता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मित्र मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला.

बघितल्याने सगळं कळतं असंही नाही. त्याच दिवशी रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला आणि दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. तो सूर्याच्या दिशेने आला, कुणालाच आधी दिसला नाही. हेही मी नातीला सांगितलं. सूनबाईंना ते आवडलं नाही. पण मुलांपासून अर्धं लपवलं की उरलेलं अर्धं व्हिडिओ पुरवतात, हा चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाचा अनुभव आहे.

शाळांनी एक करावं. अशा रात्री पुण्याच्या मुलांनी आणि नागपूरच्या मुलांनी ठरवून एकाच मिनिटाला फोटो काढावा. तीस-पस्तीस हजार किलोमीटरवरची वस्तू दोन्ही फोटोंत ताऱ्यांच्या तुलनेत ढोबळमानाने एक अंशापर्यंत सरकलेली दिसेल. त्यावरून नववीच्या मुलांना अंतर काढता येतं. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, हा प्रश्न मग कुणी विचारणार नाही.

१३ एप्रिल २०२९ ला अपोफिस पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. सर्वांत जवळ येईल तेव्हा तो अटलांटिकवर असेल आणि आपल्याकडे १४ एप्रिलची पहाट, सव्वातीन. युरोप-आफ्रिकेत तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पण त्याआधी तो हिंदी महासागरावरून पश्चिमेकडे जाईल, म्हणून रात्रीचा पहिला भाग आपला.

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं दिवाळीनंतर करायचं आहे. द्विनेत्रीचा पट्टा तुटलाय, तो नातीने शिवून द्यायचं कबूल केलंय.