कासव वाचले, पण कोळ्याचे काय?

कूर्मावताराची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. मंदार पर्वत पाठीवर पेलणारे हे कासव प्रत्यक्षात मात्र माणसापुढे दुबळेच ठरले. अरबी समुद्रातील लक्षद्वीप बेटांवर एके काळी हिरव्या कासवांची शिकार होत असे आणि त्यांचे तेल लाकडी होड्यांना लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार थांबत गेली. कासवांना अभय मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण कथा येथे संपत नाही. या बेटांभोवती प्रवाळांच्या कड्याआड उथळ, शांत पाणी असते. त्याला लगून म्हणतात. त्याच्या तळाशी समुद्री गवताची कुरणे असतात आणि त्या गवताच्या आडोशाला माशांची पिले वाढतात. मोठे हिरवे कासव मुख्यतः हेच गवत खाते. या शतकाच्या पहिल्या दशकात अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची दाटी झाली आणि तेथील कुरण फस्त झाले. मग कासवे कडमत, कवरत्ती अशा दुसऱ्या बेटांकडे वळली. कासवांमुळे आमची मासळी कमी झाली, अशी कोळ्यांनी तक्रार केली. संशोधकांनाही तिच्यात तथ्य आढळले.

मग कासवांना पुन्हा मारू द्यावे काय? मुळीच नाही! हिरव्या कासवाला प्रौढ व्हायला काही दशके लागतात. एका लगूनमधील दाटीवरून सर्व समुद्रात ती उदंड झाली, असे म्हणता येत नाही. शिवाय दोष कासवाचा नाही. त्याला खाणारे मोठे शार्क मासे माणसानेच जगभर बेसुमार मारले. निसर्गाचा तराजू आपण बिघडवला. त्याची भरपाई मात्र गरीब कोळ्याच्या ताटातून होत आहे.

संरक्षण म्हणजे केवळ मनाई नव्हे, असे मला वाटते. आपल्या कोकणात वेळासला २००२ पासून कासवांची घरटी जपली जात आहेत, ती गावकऱ्यांना सोबत घेऊनच. लक्षद्वीपच्या कोळ्यालाही असेच विश्वासात घ्यावे, त्याचे नुकसान मोजावे व भरून द्यावे, उरलेली कुरणे राखण्याच्या कामात त्याला बरोबरीचे स्थान द्यावे. किनाऱ्यापासून दूर बसून कासवाबद्दल कळवळा दाखविणे आपल्याला फुकट पडते. त्याची किंमत मोजणाऱ्याचे म्हणणे निदान ऐकून तरी घेऊ या!