राजीनामा हा गुन्हा होता तेव्हा : नोटीस पीरियडचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने राजीनामा दिला. करारातील नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. कचेरीतून उत्तर आले : नव्वद दिवस भरा, नाहीतर शेवटचा पगार आणि अनुभवपत्र विसरा. घरच्यांनीही तिलाच सुनावले, "तुमच्या पिढीत निष्ठाच नाही." या तथाकथित निष्ठेचा इतिहास तपासू या. (धागा)

२/ १८५९ चा तेरावा कायदा, अर्थात कामगार करारभंग कायदा. प्रथम तो कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांपुरता होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मालक दंडाधिकाऱ्यापुढे उभा करू शके. उचल परत हवी की काम पुरे करून हवे, ही निवड मालकाची. हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी.

३/ करार दोघांचा, पण तुरुंग एकट्या मजुराला. करार मोडणाऱ्या मालकासाठी या कायद्यात कैद नव्हती. पुढे हा कायदा शहरांबाहेर पसरला आणि आसामच्या चहामळ्यांत मजुरांना जखडून ठेवण्याचे साधन बनला.

४/ "तो काळच तसा होता" हा बचाव टिकत नाही. खुद्द इंग्लंडमध्ये काम सोडणाऱ्यास तुरुंगात धाडण्याची पद्धत १८७५ च्या कायद्यांनी सामान्यतः संपवली. हिंदुस्थानातील कायदा रद्द करणारा कायदा मात्र १९२५ साली झाला. राज्यकर्ते तेच होते, तरी मध्ये पन्नास वर्षे गेली.

५/ मुंबईच्या गिरण्यांत मजुराला अडकवण्याचा मार्ग निराळा होता : थकवलेली मजुरी. एका महिन्याची मजुरी पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिरा हाती पडे. सूचना न देता काम सोडले, तर ही थकलेली रक्कम बुडे. ज्याच्या घामाचे पैसे मालकाच्या तिजोरीत अडकले आहेत, तो जाणार कुठे?

६/ म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ साली गिरणी कामगारांनी केलेल्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती : महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावी. सुट्टीची मागणी आपल्याला आठवते, पगाराच्या तारखेची आपण विसरलो.

७/ १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराला मुदत घातली. मालकाने कामावरून काढले, तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी हिशेब चुकता करायचा. मात्र स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचा त्या कलमात उल्लेख नव्हता.

८/ याच कायद्यातील दुसरी तरतूद : दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, करारातील सूचना न देता व सबळ कारणाविना गैरहजर राहिले, तर प्रत्येकाची आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येई. हा रोख संपावर होता, हे उघड आहे.

९/ मग न्याय्य सूचना-काळ किती? १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्रीय नमुन्यात मासिक पगारावरील कायम कामगारासाठी एक महिना, इतरांसाठी दोन आठवडे, आणि दोन्ही पक्षांना सारखेच. सूचनेऐवजी तेवढा पगार देण्याची मुभाही होती. आजचे नव्वद दिवस त्या महिन्याच्या तिप्पट आहेत.

१०/ सूचना-काळ नसावाच, असे माझे म्हणणे नाही. माणूस अकस्मात गेल्यास कामाचा खोळंबा होतो, हे खरे. त्याची भरपाई मागण्याचा मार्ग १८७२ च्या करार कायद्यात आहे, पण भरपाई वाजवी हवी. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. तेव्हा करार कागदापुरता असतो, असे कोणी समजू नये.

११/ परंतु भरपाई वेगळी आणि सक्ती वेगळी. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सामान्यतः जबरीने पुरा करून घेत नाही. "सोडणारच नाही" ही भाषा १८५९ ची आहे. तुरुंग गेला, म्हणून आता पगार आणि अनुभवपत्र ओलीस धरले जाते.

१२/ २०१९ च्या वेतन संहितेचे कलम १७ सांगते : राजीनामा दिलेल्याचे वेतनही दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. १९३६ साली गाळलेला शब्द कायद्यात यायला ८३ वर्षे लागली.

१३/ म्हणून सही करण्यापूर्वी करार वाचा. सूचना-काळ दोघांना सारखा आहे का, त्याऐवजी पैसे भरण्याची सोय आहे का, हे पाहा. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या. आणि घरातील वडीलधाऱ्यांनो, निष्ठेचा उपदेश करण्यापूर्वी एवढेच विचारा : काढून टाकताना कंपनी तिला नव्वद दिवस देणार होती का? मैत्रिणीच्या करारात तो आकडा तीस आहे.