खेळण्यातला नकाशा आणि हरवलेले साल

१/१४
देशांचे तुकडे जुळवून भूगोल शिकवणारी लाकडी खेळणी आपण निरागस मानतो. प्रवासातून आणतो, वाढदिवसाला भेट देतो. मला मात्र वाटते, की असे प्रत्येक खेळणे हे मुळात इतिहासाचे साधन असते आणि ज्यावर निर्मितीचे साल नाही, ते मुलांना अर्धवट शिकवते. असे का वाटते, ते या धाग्यात मांडतो.

२/१४
सुरुवात लंडनपासून करू. जॉन स्पिल्सबरी हा तिथला नकाशे कोरणारा कारागीर. राजाचा भूगोलतज्ज्ञ म्हणवणाऱ्या टॉमस जेफरीस याच्या हाताखाली तो शिकला. १७६० च्या दशकात त्याने छापील नकाशे पातळ फळीवर चिकटवून बारीक करवतीने कापून विकायला आरंभ केला. १७६३ च्या एका व्यवसायसूचीत त्याची नोंदच ‘लाकडावर नकाशे कापणारा’ अशी आहे. पुढे जे जिगसॉ म्हणून ओळखले गेले, त्याचा हा पूर्वज.

३/१४
श्रेय मात्र त्याच्या एकट्याचे नाही. लंडनमध्ये शिकवणाऱ्या फ्रेंच लेखिका मादाम लप्रँस द बोमाँ याच सुमारास, बहुधा त्याच्याही आधी, लाकडी नकाशे वापरून भूगोल शिकवत होत्या, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांचे अशा नकाशांचे कपाट तर आजही जतन केलेले आहे. हे खेळणे जन्मले ते श्रीमंतांच्या घरांत.

४/१४
ते बनवण्याची रीत नीट पाहू या. करवत राज्यांच्या सीमांवरून फिरे. नदी, पर्वत, भाषा, व्यापाराचे रस्ते यांपैकी कशावरूनही नकाशा कापता आला असता. कापला गेला तो सत्तेच्या रेषेवरून. १७६६ च्या त्याच्या प्रसिद्ध खेळण्याच्या शीर्षकातच ‘राज्यांत विभागलेला युरोप’ असा अर्थ आहे. स्वस्त आवृत्तीत तर समुद्रच गाळलेला असे. ज्या इंग्लंडचे सारे वैभव समुद्रावर उभे होते, तिथल्या मुलांच्या नकाशात समुद्र ही चैन होती!

५/१४
अशा खेळण्यातून हाताला एक धडा मिळतो, जो कोणी शब्दांत सांगत नाही. देश म्हणजे कडा असलेला घन तुकडा. त्याची जागा एकच. तो शेजाऱ्याला तंतोतंत चिकटतो, मध्ये फट नाही, वाद नाही. हा धडा खोटा आहे, पण बोटांनी शिकलेला असल्यामुळे तो पुस्तकातल्या धड्याहून खोल रुजतो.

६/१४
पोलंडचे उदाहरण घ्या. १७६६ मध्ये पोलंड-लिथुआनिया हे युरोपातल्या सर्वांत विस्तीर्ण राज्यांपैकी एक होते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने ते गिळून टाकले. स्पिल्सबरीचे खेळणे हाताळलेल्या मुलाने चाळिशी गाठेपर्यंत ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले होते. ते परतले थेट १९१८ मध्ये.

७/१४
पहिल्या फाळणीनंतर एक व्यंगचित्र युरोपभर गाजले. त्यात राजे-राण्या पोलंडचा नकाशा हातांनी ओढून वाटून घेत आहेत आणि पोलंडचा राजा डोक्यावरून घसरणारा मुकुट सावरतो आहे. मुले नकाशाचे तुकडे जुळवत होती, त्याच दशकात दरबार ते पाडत होते. दोघांच्याही हाती खेळाचे साहित्य एकच.

८/१४
खेळण्यांत पूर्वग्रहही भरलेले असत. १७५९ मध्ये लंडनच्या जॉन जेफरीस याने युरोपच्या प्रवासाचा पट काढला. आकड्यांची भिंगरी फिरवायची आणि ७७ घरे ओलांडून लंडन गाठायचे. या पटावर जो रोमला थांबेल, त्याने पोपच्या पायाचे चुंबन घेतले म्हणून त्याची रवानगी थेट थंडगार आइसलंडला! आपल्या मोक्षपटात दुर्गुणाचा साप जसा खाली आणतो, तसा इथे परका धर्मपंथ खाली आणतो. भूगोलाच्या नावाखाली प्रॉटेस्टंट इंग्लंडचा द्वेष मुलांच्या पटावर येऊन बसला.

९/१४
यातली स्मरणवस्तूंची लाट आली १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. जॉर्ज शोव्ह याने चामड्याच्या हातमोज्यावर लंडनचा नकाशा छापला, म्हणजे प्रदर्शनाची वाट तळहातावरच. लेस्टर चौकात जेम्स वाइल्डने सुमारे ६० फूट व्यासाचा गोल उभारला. प्रेक्षक त्याच्या पोटात शिरत आणि आतल्या बाजूला घडवलेली पृथ्वी पाहत. १८६२ मध्ये तो पाडला गेला. जग पाहायचे तर लंडनला या, हा त्यामागचा न बोललेला पाठ.

१०/१४
भूगोल खेळातून शिकवण्याची दुसरी एक वाट मराठीतही आहे. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल गाण्यांतून येतो. कुरवंजी म्हणजे डोंगरदऱ्यांत भटकणारी, भविष्य सांगणारी स्त्री. ती ठिकाणे सांगते ती हिंडणाऱ्या माणसाच्या तोंडून. तुकड्यांचा भूगोल आणि वाटचालीचा भूगोल, हे दोन वेगळे संस्कार आहेत. आपण पहिला विकत घेतो. दुसऱ्याची आठवणही ठेवली नाही.

११/१४
आता आपल्या घरात येऊ. १९५७ मध्ये कोणी भारताचे असे खेळणे केले असते, तर त्यात महाराष्ट्र नावाचा तुकडाच नसता. कच्छपासून विदर्भापर्यंत मुंबई राज्याचा एकच तुकडा असता आणि गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात. १ मे १९६० रोजी त्याचे दोन झाले. ती रेघ आंदोलनांनी आखली. एकट्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. बेळगावजवळची रेघ तर अजून न्यायालयात आहे. खेळण्यातली कड मात्र तिथेही गुळगुळीत.

१२/१४
‘लहान मुलांच्या खेळात एवढे राजकारण कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. चार वर्षांच्या मुलाला फाळण्या सांगाव्यात असे मी म्हणत नाही. खेळणी टाकून द्यावीत असेही नाही. नकाशाशी ओळख करून देणारे इतके आनंदी साधन दुसरे नाही. मागणी एवढीच, की पेटीवर साल छापलेले असावे. ‘भारत’ आणि ‘भारत, २०२४’ यांत पडणारा फरक मूल मोठे झाल्यावर स्वतःच विचारील.

१३/१४
तोवर जुन्या खेळण्याचे वय आपणच ओळखू या:
▪ महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे: मे १९६० नंतरचे
▪ ‘मद्रास’ राज्य: जानेवारी १९६९ पूर्वीचे
▪ ‘म्हैसूर’ राज्य: नोव्हेंबर १९७३ पूर्वीचे
▪ गोवा हे राज्य: मे १९८७ नंतरचे
▪ छत्तीसगड, झारखंड: नोव्हेंबर २००० नंतरचे
▪ तेलंगणा: जून २०१४ नंतरचे
▪ लडाख वेगळा: ऑक्टोबर २०१९ नंतरचे

१४/१४
माळ्यावर किंवा जुन्या बाजारात असे खेळणे सापडले, तर एखादा तुकडा हरवला म्हणून ते रद्दीत देऊ नका. वरच्या यादीवरून त्याचे साल ठरवा, पेन्सिलीने पेटीच्या आत लिहा आणि मगच पुढच्या पिढीच्या हाती द्या. कोणाकडे १९६० पूर्वीचा तुकड्यांचा नकाशा असेल, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली जरूर टाका.