तांड्यावरचे मूल मुके का होते?

पुसेगावचा सेनगाव तालुका गावांप्रमाणेच बंजारा तांड्यांचाही. तांड्यावरचे मूल गोरबोली बोलत शाळेत येते आणि प्रमाण मराठीपुढे मुके होते. मग त्याला ‘मंद’ ठरविले जाते! शिक्षकाला तरी काय दोष द्यावा? पदविकेत त्याला पाठटाचण शिकविले, मुलाचे ऐकणे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. तो पेलणारे शिक्षक कोठे आहेत?

याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव उत्तरेत गेले, ते तेथील लोकभाषेत गायले; त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. भावी शिक्षकाने निदान आंतरवासितेचे काही आठवडे तांड्यावर काढावेत, मुलांच्या तोंडून चार गोष्टी त्यांच्याच बोलीत टिपून आणाव्यात. त्याशिवाय पदविका देऊच नये.