पायलटला काय द्यायचं?

दसऱ्याला पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कापडे गावात जीप, रिक्षा, ट्रॅक्टर सगळं धुऊन निघतं. झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबू जातं. चालवणाऱ्याच्या हातावर मात्र पेढा पडतो, फार तर टॉवेल-टोपी. यंदा मंडळाच्या पोरांनी १०८ रुग्णवाहिकेच्या पायलटला भेट द्यायचं काढलं, याचा मला मनापासून आनंद झाला. फक्त शाल-श्रीफळ नको, एवढं मी हट्टाने सांगितलं.

२०१४ पासून राज्यभर धावणाऱ्या या गाड्यांवरच्या चालकाला पायलटच म्हणतात. पोलादपुरातला पायलट म्हणजे एकीकडे आंबेनळी घाट, दुसरीकडे कशेडी घाट. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये तळिये आणि आमच्या तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. पावसाळ्यात इथे रुग्णवाहिका चालवायची म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर वेगळं सांगायला नको.

भेट म्हणून सगळ्यांना आधी सुचते ती सीटवरची गादी. जाड फोमची घेऊ नका. तिच्यावर बसलं की माणूस दोन बोटं वर येतो, आरसे हलवावे लागतात, ब्रेकवरचा पाय नीट टेकत नाही आणि कंबर दुखायची ती दुखतेच. पाठीच्या खोलगट भागाला टेकेल अशी छोटी, पट्ट्याने सीटला बांधायची उशी घ्या. पाळी बदलली की सोडून घरी नेता येते.

चहा-पाण्यासाठी थर्मास हवाच, पण दाराच्या कप्प्यात घट्ट बसणारा. घाटाच्या उतारावर सुटी बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली तर काय होईल, याचा विचार करा.

गॉगलचं तर विमानातही जपूनच बघतात. पोलराइज्ड काचेतून कॉकपिटमधले काही पडदे काळपट दिसतात, म्हणून वैमानिक त्या काचा टाळतात. रस्त्यावर दिवसा त्याच काचा ओल्या डांबरावरची चकाकी मारतात, तेव्हा आपल्या पायलटला चालतील. रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळे चष्मे मात्र घेऊ नका. काच पिवळी असली तरी प्रकाश अडवतेच, आणि अंधारात तोच हवा असतो.

माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे डोक्याला बांधायची बॅटरी. आपल्या कितीतरी वाड्यांखाली रस्ता संपतो. वरून माणसं डोली घेऊन उतरतात, खालून पायलट आणि डॉक्टर चढतात. एका हातात बॅटरी असली की स्ट्रेचरला एकच हात उरतो, आणि निसरड्या पायवाटेवर तो पुरत नाही.

सोबत जॅकेट-पँटचा रेनकोट द्या, कारण पायघोळ रेनकोट चढणीवर पायात येतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे नि पंचा ठेवा. गमबूट नको, त्यातून पॅडल कळत नाही. पातळ, पकड असलेल्या तळव्याचे बूट महाडच्या बाजारात मिळतील. पायाचं माप तेवढं आधी विचारून घ्या.