पाय कुठे ठेवायचा?

२०२५ च्या फेब्रुवारीत मुलगा, सून आणि नातवाबरोबर अंदमानला जाऊन आले. तेव्हापासून नात्यातलं कोणी ना कोणी फोनवर विचारतंच, "स्नॉर्केलिंग केलंस का? कुठे केलंस? आम्ही कुठे करावं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. केलं! वयाच्या बहात्तराव्या वर्षी, हलणारी कवळी डबीत ठेवून आणि तोंडात नळी धरून केलं. पण "कुठे करावं" याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जागा निवडायची आपली पद्धत ठरलेली असते. कोणीतरी फोटो दाखवतं, त्यात निळंशार पाणी आणि रंगीत मासे असतात, की झालं नक्की! आम्हीही तेच केलं. सगळे जातात त्या किनाऱ्यावर भर दुपारी पोचलो. ओहोटी लागलेली, पाणी कमरेइतकं, आणि माणसं पंढरीच्या वारीसारखी. पोरसवदा वाटाड्या मला रबरी कडं धरून ओढत होता. मध्येच चष्म्यात पाणी शिरलं, मी घाबरले आणि धडपडत पाय खाली टेकवले. पायाखाली काहीतरी करकरलं. तो म्हणाला, "आंटी, खडे रहो, पत्थर है."

तो पत्थर नव्हता. ते प्रवाळ होतं.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्याने पाण्यातून एक फांदी मोडून नातवापुढे धरली, आठवण म्हणून. नातवाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. बत्तीस वर्षं शाळेत बाकावर नाव कोरणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, बागेतलं फूल तोडलं म्हणून कान धरले, आणि तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही! रात्री नातवाने विचारलंच, "आजी, ते जिवंत होतं ना? मग तू ओरडली का नाहीस?"

होतंच जिवंत. प्रवाळ म्हणजे इवल्याइवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अंदमानात २०१० साली असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी असं संकट जगभर आल्याचं जाहीर केलं. गोल दगडासारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे माझ्या एका पावलाने किती वर्षं मोडली असतील, बघा! आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाघाच्या पाठीवर आपण उभे राहतो का?

तर माझं मत असं, की जागा निवडताना "मासे कुठे जास्त दिसतील" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "घाबरल्यावर आपला पाय कुठे पडेल?" आपल्यातल्या बहुतेकांना धड पोहता येत नाही, आणि घाबरलेला माणूस पाय टेकवणारच. म्हणून खाली वाळू असलेली जागा आधी शोधावी. नळीतून श्वास घ्यायचा सराव तिथे करावा आणि जमलं तरच प्रवाळाच्या बाजूला जावं. जागा सगळ्यांत कच्च्या गड्याला झेपेल अशी हवी.

दुसरी गोष्ट भरतीची. माझं माहेर दापोलीकडचं. वडील तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगत. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात तो चालत नाही. तिथे धक्क्यावरच्या नाववाल्याला विचारावं. भरतीला प्रवाळावर पुरेसं पाणी असतं, त्यामुळे पोट आणि गुडघे त्यावर घासत नाहीत. सकाळ गाठावी. तिथे सहाच्या आत उजाडतं, आणि वारा पडलेला असला तर तळ स्वच्छ दिसतो. खारफुटी आणि खाडीच्या मुखाजवळ मात्र मुळीच उतरू नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

कोणी म्हणेल, मग जाऊच नये. हे मला पटत नाही. त्या नाववाल्यांची घरं यावर चालतात, आणि जे पाहिलंच नाही त्याची कळकळ कशी वाटणार? पण पाहण्यासाठी पाण्यात उतरलंच पाहिजे असं कुठे आहे? वंडूरहून सुटणाऱ्या होडीने जॉली बॉय बेटावर जाता येतं. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे प्लास्टिकला बंदी, आणि वर्षाचे काही महिने ते बेट बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात, म्हणजे प्रवाळांना विश्रांती. काचेच्या तळाच्या होडीतून सगळं दिसतं. गुडघे दुखणाऱ्यांनी तेवढंच करावं, त्यात कमीपणा नाही.

आम्ही नंतर नीलला, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला गेलो. धक्क्यावर दोन नाववाल्यांना विचारलं. एक म्हणाला, "अभी चलो." दुसरा म्हणाला, "अभी पानी कम है, कल सुबह आओ." आम्ही दुसऱ्याबरोबर गेलो. खाली वाळू होती, मी दोनदा घाबरले, दोनदा उभी राहिले, कोणाचं काही मोडलं नाही. मग पोपटमासा दिसला, चोचीने प्रवाळ खरवडत होता. तो जे खरवडतो त्याची घशात भुकटी होते आणि वाळू होऊन बाहेर पडते, हे नातवाला सांगितल्यावर तो हसून लोळायचा बाकी होता.

निघताना त्या नाववाल्याला मी नमस्कार केला. तो संकोचला. "आज जाऊ नका" असं म्हणून स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस भेटला, की जागा बरोबर निवडली असं समजावं. फोटोतलं पाणी सगळीकडे निळंच असतं.

असो. तुम्ही जाल तेव्हा कळवा. आणि कोणी फांदी मोडून पुढे केलीच, तर माझ्यासारखं गप्प राहू नका.